पुसलेलं लाल

ट्रकचा ड्रायव्हर फोनवर कधीही वाटेत नसतो. तो एकतर आत्ताच निघालेला असतो, नाहीतर पोचतच आलेला असतो. मधले आठ तास कुठे गेले ते विचारायची सोय नाही. बारकीनं ट्रान्सपोर्टच्या कचेरीत अकरा वर्षं टेबलावरचा फोन सांभाळला आणि अकरा वर्षं हेच ऐकलं. "कुठे आहात?" "हे काय, नाक्यावर." आता त्या रस्त्यावर नाके तरी किती! पण जो तो नाक्यावरच. माल उतरवून घेणारा समोर उभा राहून डोकं खायचा आणि बारकी त्याला ठणकावून सांगायची, "नाक्यावर आहे हो गाडी, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी दोन तासांची असत, कधी थेट दुसऱ्या दिवसाची.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. भावंडांत सगळ्यात धाकटी आणि अंगानंही काडी, म्हणून थोरल्या भावानं ठेवलेलं नाव. दादा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा यानं शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि हिला शाळेत धाडलं. तो ट्रकवर, म्हणून त्याच्याबरोबरचे सगळे ड्रायव्हरही हिला बारकीच म्हणत. पुढे ती स्वतःच्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हा त्यांनी मोठ्या अदबीनं त्याचं बारकीमॅडम केलं. यापेक्षा जास्त मान त्यांच्याच्यानं देववला नाही, आणि तिलाही नको होता.

कंपनी निघाली ती वहिनीमुळे. दादा लांबच्या फेरीला गेला की वहिनी रोज संध्याकाळी कचेरीत फोन करायची. "पोचले का गं हे?" बारकी म्हणायची, "नाक्यावर आहेत वहिनी." वहिनी म्हणायची, "कालही नाक्यावरच होते." दोघी हसायच्या आणि फोन ठेवायच्या. पण बारकीला ठाऊक होतं, की वहिनी त्यानंतर जेवायची नाही. दादाची गाडी अंगणात लागेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तेव्हा बारकीच्या डोक्यात आलं, की हा नाका एकदाचा डोळ्यांना दिसला पाहिजे.

मग बत्तिसाव्या वर्षी ती कॉम्प्युटरच्या क्लासला गेली. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी विचारलं, "मुलाला सोडायला आलात का?" ही म्हणाली, "नाही, स्वतःलाच सोडायला आले." तीन वर्षं रविवार म्हणून तिला मिळाला नाही. शेवटी एक नकाशा तयार झाला आणि त्या नकाशावर एक हिरवा ठिपका सरकायला लागला. तो दादाचा ट्रक. वहिनीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि भाजी चिरता चिरता ती त्या ठिपक्याशी बोलायला लागली. "हळू, हळू. वळण आहे पुढे. आता कशाला थांबलात? बरं, प्या चहा." त्या संध्याकाळी वहिनी वेळेवर जेवली. बारकीला आयुष्यात दुसऱ्या कशानं इतका आनंद झाला नसेल.

तिथून पुढे दहा गाड्यांचा एक मालक आला, मग तीस गाड्यांचा. टायरच्या दुकानावरची एक खोली तिनं कचेरीसाठी घेतली. खाली दिवसभर हातोडे चालायचे आणि वर रबराचा वास यायचा. तिघं जण कामाला ठेवले. आणि पाच वर्षांनी चारशे गाड्यांची ती मोठी कंपनी दारात आली, जिच्याकडे एव्हाना दादाही नोकरीला लागला होता.

त्या कंपनीचे साहेब बोलायला फार गोड. ते म्हणाले, "मॅडम, गाडी कुठे आहे हे कळून मी काय करू? ती तिथे का आहे, ते मला कळलं पाहिजे." त्यांना हवं होतं ते असं. ठरलेल्या थांब्यांखेरीज गाडी कुठेही दहा मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली, की ठिपका लाल व्हावा आणि त्यांच्या कंट्रोल रूममध्ये घंटी वाजावी. महिन्यात तीन लाल झाले, की ड्रायव्हर साहेबांपुढे उभा. पाच झाले, की गाडीवरून खाली. बारकी दोन दिवस त्यांच्याशी भांडली. दहाची पंधरा मिनिटं करून घेतली. लाल होऊन आणखी पंधरा मिनिटं गेली, तर कंट्रोल रूमनं ड्रायव्हरला फोन करायचा, त्यानं उचलला नाही तर मदत धाडायची, हेही त्यात घालून घेतलं. आणि एक गोष्ट तिनं हट्टानं वसूल केली. गाडीची चाकं फिरत असताना ड्रायव्हरचा फोन वाजणार नाही. दादाच्या बरोबरीचा एक जण फोन कानाला लावून गाडीसकट मोरीत गेला होता, ते ती विसरली नव्हती. साहेब म्हणाले, "निदान आम्हाला तरी हे उघडायची एक किल्ली ठेवा." तिनं ठेवली नाही. त्यांनाही नाही आणि स्वतःलाही नाही. कारण किल्ली असली की माणूस कुलूप उघडतोच. गाडी चालू असताना फोन केलात, तर एका बाईचा आवाज यायचा, "चालक गाडी चालवत आहेत. कृपया थोड्या वेळानं फोन करा." तो आवाज बारकीचाच. कचेरीच्या बाथरूममध्ये दार लावून तिनं तो चौदा वेळा बोलून घेतला होता, कारण दर वेळी मध्येच खालून हातोडा वाजायचा.

काम मिळालं त्या दिवशी ती पेढे वाटल्यागत चेहरा करून दादाकडे गेली. दादा साबणानं हातावरचं ग्रीस काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पंधरा मिनिटं? बारके, पंधरा मिनिटांत चाकाचे नटसुद्धा ढिले होत नाहीत."

"ठरलेल्या थांब्यावर जाऊन बदलायचं ना चाक."

"पंक्चर गाडी थांब्यापर्यंत तू ढकलणार का?"

"तुझी पंक्चर झाली, तर तू कंट्रोल रूमला सांगशील. ते नोंद करतील. मग लाल नाही लागणार."

"आणि दुसऱ्याची झाली तर?"

याचं उत्तर, खरं सांगायचं तर, बारकीला शोधायचंच नव्हतं.

आता या दुसऱ्याच्या पंक्चरचं सांगायला हवं. ड्रायव्हर लोकांत एक रीत होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती आणि कुणी कुणाला शिकवलेलीही नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे आणि तिचं बॉनेट वर आहे असं दिसलं, की मागून येणारा ट्रकवाला थांबणार. ओळखीचा असो, नसो. बिघाड इंजिनातच असला पाहिजे असंही नाही. टायर बसला, बॉनेट वर. पोटात कळ आली, बॉनेट वर. एकदा एकाला मुलगी झाल्याचा फोन आला आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं, तर त्या पठ्ठ्यानं बॉनेट वर केलं होतं. पाच गाड्या थांबल्या, सगळ्यांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि चहा पिऊन गेले. दादा तर या बाबतीत वेडाच. समोर बॉनेट वर दिसलं, की याचा पाय ब्रेकवर गेलाच. दोन फेऱ्यांनंतर घरी यायचा तो कोपरापर्यंत काळा होऊन, आणि वहिनी म्हणायची, "आज कुणाची गाडी बाळंत केलीत?"

नवा नियम लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात दादाच्या नावावर दोन लाल. बारकी तणतणत गेली. "दादा, सगळ्यांना माहीत आहे तू माझा भाऊ आहेस. तूच असं केलंस तर माझी काय पत राहिली? दुसरे कुणीतरी थांबतील की!"

"थांबतील गं. पण मी आधी पोचलो, त्याला मी काय करू?"

"सरळ पुढे जायचं."

दादा म्हणाला, "बघतो." दादाचं 'बघतो' म्हणजे नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तिसरं लाल लागलं तेव्हा बारकीनं ते केलं. नकाशाला कधी कधी चुकीचंही लाल दिसायचं. बोगद्यात गाडी गेली, डोंगर आडवा आला, की ठिपका आहे तिथेच गोठायचा आणि पंधरा मिनिटांनी लाल व्हायचा. असलं खोटं लाल काढायला बारकीकडे एक बटण होतं. त्यावर 'यंत्राची चूक' असं लिहिलेलं. ते दाबलं, की गाडी पुन्हा हलेपर्यंत ठिपका हिरवाच, कंट्रोल रूमची घंटी बंद आणि नोंदवहीतून ती ओळच गायब. तिनं दादाच्या लालवर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. कुणी विचारलं नाही.

मग ती सवयच झाली. सकाळी चहाचा कप हातात, लॅपटॉप उघडायचा, दादाचा ठिपका शोधायचा, लाल असला तर पुसायचा. साहेबांकडे जाऊन नियमच बदलून घ्यावा असं तिला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी ती स्वतःला सांगायची, पुढच्या बैठकीला काढू विषय. बैठक आली, की साहेब दुसरंच काही काढायचे, आणि हिचंही धैर्य नेमकं त्याच दिवशी घरी राहिलेलं असायचं. बाकीच्या ड्रायव्हरांना लाल पुसणारी बहीण नव्हती. ते शिकले. वर्ष सरता सरता रस्त्यावर कुणी कुणासाठी थांबेनासं झालं. बॉनेट वर दिसलं तर हात करायचे, हॉर्न द्यायचे आणि पुढे जायचे. एक दादा तेवढा थांबत राहिला. उलट तो बारकीला शाबासकी द्यायचा. "तुझं मशीन सुधारलं हं. पहिल्यासारखं उठसूट लाल होत नाही. शेवटी कळलं त्याला, माणूस काय कामासाठी थांबतो ते." बारकी हसायची. काय करणार?

त्या दिवशी सकाळी अकराला एका दुसऱ्या कंपनीची चार माणसं टायरच्या दुकानावरच्या खोलीत आली होती. सहाशे गाड्या त्यांच्याकडे. बारकीनं भिंतीवर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर सगळा नकाशा, सगळे ठिपके. नवी साडी, घसा साफ. ती बोलत होती, हे हिरवे म्हणजे चालू, हे पिवळे म्हणजे थांब्यावर. आणि त्या चौघांच्या देखत घाटातला एक ठिपका टपकन लाल झाला. त्यांच्यातला एक चष्मेवाला पुढे सरकून म्हणाला, "हे काय?"

बारकीनं नंबर पाहिला. दादाचा. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की याला आजचाच दिवस सापडला! तिनं हसून सांगितलं, "घाट आहे ना, डोंगराच्या आड असं कधीमधी होतं. यंत्राची चूक. ही बघा, एका बोटानं दुरुस्त होते." आणि त्यांना दाखवत दाखवत तिनं बटण दाबलं. ठिपका हिरवा झाला. चष्मेवाल्यानं मान डोलावली. "छान सोय आहे," तो म्हणाला.

पुढे ती अर्धा तास बोलली. चांगली बोलली. चौघांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, चहा झाला. आणि टेबलावरचा तिचा फोन थरथरला. दादा. दादा कामाच्या वेळी तिला कधी म्हणजे कधी फोन करत नसे. तिनं चौघांना "एक मिनिट हं" म्हटलं आणि उचलला.

"बारके, कामात आहेस का गं?"

आवाज दादाचा होता, पण फार लांबून आल्यासारखा. ती म्हणाली, "बोल ना. काय झालं?"

"काही नाही. जरा छातीत दाबल्यासारखं होतंय. डावा हात... ते जाऊ दे. घाटात आहे. बॉनेट वर केलंय. येईलच कुणीतरी." मध्ये तो थांबला, श्वास ऐकू आला. "पण आज कुणी थांबतच नाहीये गं."

बारकीनं पडद्याकडे पाहिलं. हिरवा ठिपका, आणि गाडीचा वेग शून्य. किती वेळ शून्य, तेही बाजूला लिहिलेलं होतं. सत्तेचाळीस मिनिटं.

"दादा, कंपनीनं गाडीत बसवलेल्या फोनवर मदतीचं बटण आहे. ते दाब. दाबतोस ना?"

"तो आत काचेपाशी आहे. मी बाहेर पायरीवर बसलोय. चढवत नाही."

"बरं, बरं. हलू नकोस. मी करते काहीतरी. फोन ठेवू नकोस हं दादा." फोन तसाच चालू ठेवून तिनं कामाला असलेल्या मुलीचा फोन हिसकावून घेतला. आधी ॲम्ब्युलन्स. ती घाटाच्या खालच्या गावातून निघणार, यायला पाऊण तास. मग कंट्रोल रूम. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे घाटात एकही लाल नाहीये. सगळं हिरवं आहे." ती ओरडली, "मी सांगतेय ना!" तो म्हणाला, "पाठवतो. आमची दुरुस्तीची गाडी आत्ता दुसऱ्या टोकाला आहे, तासभर तरी लागेल." तिनं स्वतःच घालून घेतलेला नियम होता, लाल होऊन पंधरा मिनिटं गेली की मदत जाईल. ती गाडी सतरा मिनिटांपूर्वीच निघाली असती, तीही जवळच्या बाजूनं. निघाली नव्हती, कारण घंटी वाजली नव्हती.

तेव्हा तिला पडद्यावर दिसलं, की दादाच्या मागे चार किलोमीटरवर एक हिरवा ठिपका चढ चढतोय. नंबर ओळखीचा. ही टेपची गाडी. टेप म्हणजे दादाचा जिगरी, बोलायला लागला की बंद होत नाही म्हणून टेप. बारकीच्या लग्नात ताटं वाढलेला माणूस. तिच्या जिवात जीव आला. तिनं त्याला फोन लावला.

"चालक गाडी चालवत आहेत. कृपया थोड्या वेळानं फोन करा."

तिचाच आवाज. स्पष्ट, गोड, घाई नसलेला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला आणि ती आपल्याच आवाजाला म्हणाली, "अगं गप्प बस ना!" चौघं पाहुणे आता उभे राहिले होते आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. चष्मेवाला म्हणाला, "तुमच्याकडे उघडायची काही सोय असेलच ना?" बारकी म्हणाली, "नाही. मी ठेवली नाही."

मग करायला काही उरलंच नाही. ती पडद्यासमोर उभी राहिली. दोन किलोमीटर. एक. टेपच्या गाडीचा वेग चाळीस. दादाच्या ठिपक्याजवळ आली तशी पस्तीस, पंचवीस, बारा. तो बघत होता! त्यानं बॉनेट पाहिलं होतं, गाडी ओळखली होती, ब्रेकवर पाय गेला होता. बारकी मोठ्यानं म्हणाली, "थांब रे. थांब." नऊ झाला. आणि तिकडे कानाला लावलेल्या फोनमधून तिला एक हॉर्न ऐकू आला, लांबलचक, रामराम केल्यासारखा. मग पंधरा. मग तीस. टेपचा ठिपका दादाच्या ठिपक्याला ओलांडून वळणापलीकडे गेला.

"टेप गेला वाटतं," फोनमध्ये दादा म्हणाला. रागावला नव्हता. "त्याला उशीर झाला असेल."

त्यानंतर आणखी दोन ठिपके गेले. त्यांचा वेग कमीसुद्धा झाला नाही. शेवटी थांबली ती एक दुधाची गाडी, जिच्यात बारकीचं यंत्र नव्हतं. त्या दूधवाल्यानं दादाला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं आणि खाली पडलेला फोन उचलून म्हणाला, "ताई, मी आहे इथं. काळजी करू नका." ॲम्ब्युलन्स आली तेव्हा दादा गेला होता. दूधवाला म्हणाला, शेवटी ते मला सारखं एकच सांगत होते, तुमचं दूध नासेल, तुम्ही निघा.

टेप तिसऱ्या दिवशी आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलता येईना. वहिनी आत होती. तो अंगणात बारकीपुढे उभा राहिला आणि हातातली किल्ली नुसती फिरवत राहिला. म्हणाला, "ओळखली होती गाडी. मला वाटलं, दादा दुसऱ्या कुणाचं तरी काम करत बसला असेल. नेहमीसारखा." मग म्हणाला, "माझे चार झाले होते बारके. पाचवं झालं असतं तर घरी बसलो असतो." बारकी त्याला काय बोलणार? चारचे पाच होऊ नयेत म्हणून पळायला याला शिकवलं कुणी? तिला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच्या कानशिलात दोन द्याव्याशाही वाटल्या. तिनं दोन्ही केलं नाही. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती साहेबांकडे गेली. लाल बंद करा, म्हणाली. साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "मॅडम, दुःखात माणसाला असं वाटतं. पण नियमाचा यात काय दोष? तुमच्या दादांना कधी त्रास झाला नियमाचा? हे बघा." आणि त्यांनी दादाची नोंद उघडून तिच्यापुढे धरली. कोरी. पहिले दोन सोडले, तर वर्षभरात एकही लाल नाही. "आमच्या चारशे जणांत इतका स्वच्छ ड्रायव्हर नाही. यांना जमलं, म्हणजे सगळ्यांना जमू शकतं, हेच तर मी बाकीच्यांना दाखवतो."

बारकीनं तोंड उघडलं. सांगितलं तर काय होणार होतं? दादा कामचुकार ठरणार, आणि तीच नोंद साहेब दुसऱ्या बाजूनं दाखवणार, की बघा, न ऐकणाऱ्याचं असं होतं. नाही सांगितलं, तर दादाचंच नाव घेऊन ते बाकीच्यांना पळवणार. आणि यंत्र तर विकून झालेलं. तिनं उद्या आपली कंपनी बंद केली, तरी लाल चालूच राहणार होतं. त्या दिवशी कचेरीत आलेल्या चार माणसांनीही नंतर निरोप पाठवला होता, की त्यांना ते हवंय, फक्त दहा मिनिटांचं करून द्या. ती पाणी प्यायली आणि उठली. आपल्या हातात काही नाही, हे तिला इतकं लख्ख कधी कळलं नव्हतं. आणि सगळं तिच्याच हातानं झालेलं होतं, हेही.

त्यानंतर महिन्याभरानं दादाच्या घरी एक पाकीट आलं. वहिनीनं बारकीला बोलावून घेतलं. ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन अजून तसाच टेकवलेला होता, बंद. जाड कागद, कडेला सोनेरी नक्षी, खाली साहेबांची सही. वहिनीला चष्मा सापडेना, म्हणून बारकीनंच वाचलं. वर्षातले सर्वोत्तम चालक. कुठेही विनाकारण न थांबता त्यांनी प्रत्येक फेरी वेळेत पूर्ण केली. त्यांचा आदर्श सर्वांनी घ्यावा.

वहिनीनं ऐकलं. "पुन्हा वाच," म्हणाली. बारकीनं पुन्हा वाचलं.

"हे चुकून आलंय," वहिनी म्हणाली.

"नाव त्याचंच आहे वहिनी."

"नाव असेल. पण हा माणूस दुसराच आहे कुणीतरी. कुठेही न थांबता? अगं, मी यांचे शर्ट धुतलेत. बाह्या कोपरापर्यंत काळ्या. आठवड्यातून तीनदा कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली असायचे हे." तिनं कागद घडी करून परत पाकिटात घातला. "ज्याचं आहे त्याला देऊन ये. बिचारा वाट बघत असेल."

बारकी पाकीट हातात घेऊन बसून राहिली. वहिनीनं चहा ठेवला. पाठमोरी उभी राहूनच तिनं विचारलं, "त्या दिवशी हे किती वेळ बसले होते गं तिथे? कुणी न थांबता? तुझ्या मशीनमध्ये असेल ना सगळं?"

"सत्तेचाळीस मिनिटं. मला फोन करेपर्यंत."

"दाखव मला."

"नाही दिसणार, वहिनी."

"का?"

चहा उकळला. वहिनीनं गॅस बंद केला आणि ती वळली.

"मी पुसलं," बारकी म्हणाली. "त्याचं सगळं मीच पुसायची. तेही पुसलं."